अमावास्येला चकोर काय खातो?

निवासी शाळेत प्रश्नांची वानवा कधीच नसते. वानवा असते ती उत्तर देणाऱ्यांच्या सबुरीची. फार वर्षांपूर्वी मराठीच्या तासाला आम्ही चकोराविषयी सांगत होतो. चंद्रकिरणांवर जगणारा, पौर्णिमेची वाट पाहणारा, चांदण्याचे कोवळे कण वेचणारा पक्षी म्हणजे चकोर, असे आम्ही मोठ्या रंगात येऊन समजावून दिले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि तिने विचारले, "गुरुजी, मग अमावास्येला चकोर काय खातो?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, "काव्यात असे प्रश्न विचारायचे नसतात" असे म्हणालो आणि पुढच्या ओळीकडे वळलो. ती मुलगी खाली बसली. त्या तासाला तिने दुसरा प्रश्न विचारला नाही.

स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, देणगीदारांचे ऋण आणि गुणवंतांच्या याद्या असतात. त्या या अंकात यथास्थित आल्या आहेत. आम्ही मात्र ही काही पाने त्या राहून गेलेल्या उत्तरासाठी मागून घेतली. चकोर नावाचा एक खराखुरा पक्षी या पृथ्वीवर आहे, तो काय खातो, कोठे राहतो, कसा वागतो आणि आपल्यासारख्या धम्ममार्गी संस्थेच्या मुलाबाळांना त्याच्यापासून काय घेण्यासारखे आहे, हे येथे सांगण्याचा विचार आहे. ती विद्यार्थिनी आज कोठे असेल ते असो. तिच्या वाचनात हा लेख यावा, एवढी इच्छा आहे.

ऐकलेला चकोर

मराठी माणसाने चकोर पाहण्याआधी ऐकलेला असतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात शरदाच्या चांदण्यातील अमृतकण वेचणारी चकोराची पिल्ले येतात आणि श्रोत्यांनी तशाच हळुवार मनाने ग्रंथाचे श्रवण करावे, अशी अपेक्षा तेथे व्यक्त होते. त्यामागे संस्कृत काव्याची मोठी परंपरा आहे. प्रियेच्या मुखचंद्राकडे टक लावून पाहणारा प्रियकर म्हणजे चकोर, सुंदर डोळ्यांची स्त्री म्हणजे चकोराक्षी, असे संकेत त्या काव्यात रूढ झाले. उत्तरेकडील लोकसमजुतीत तर हा पक्षी चंद्राच्या वेडापायी जळते निखारेही गिळतो.

या संकेतांनी काव्याबाहेरही मजल मारली. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात राजवाड्याच्या रक्षणाचे उपाय सांगितले आहेत. विषाचा सुगावा लागावा म्हणून राजगृही कोणते पक्षी ठेवावेत, याची यादी तेथे येते आणि विष जवळ आले की चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कवीची कल्पना एका बाजूला आणि राज्यकारभाराचा ग्रंथ दुसऱ्या बाजूला, अशा दोन्ही ठिकाणी हा पक्षी नावाने पोहोचला. त्याचे रोजचे जगणे मात्र दोन्ही ठिकाणी बाहेरच राहिले.

काव्यावर आमचा आक्षेप नाही. चांदणे वेचण्याची कल्पना सुंदर आहे आणि ती सुंदरच राहावी. आक्षेप आहे तो आमच्या त्या दिवशीच्या हसण्यावर. कोसल देशातील केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते, की केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. हा उपदेश आमच्या शाळेत वंदनेनंतर अनेकदा सांगितला जातो. एका मुलीने तो खरोखर आचरला, तेव्हा आम्ही तो ओळखला नाही.

पाहिलेला चकोर

आता पक्ष्याकडे वळू. चकोर हा तित्तिराच्या कुळातील, जमिनीवर वावरणारा पक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव अलेक्टोरिस चुकार. यातील 'अलेक्टोरिस' हा ग्रीक शब्द कोंबडीसाठी आहे आणि 'चुकार' हा आपल्याच 'चकोर' शब्दाचा परदेशी उच्चार आहे. इंग्रज निसर्ग-अभ्यासक जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० मध्ये त्याला हे नाव दिले. या वंशात एकूण सात जाती मानल्या जातात. त्या सगळ्या युरोप, उत्तर आफ्रिका आणि आशिया यांतील कोरड्या, खडकाळ मुलखांत विभागलेल्या आहेत.

चकोराची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे अर्धा किलो असते. अंग गोलसर आणि भरलेले, पाठ राखाडी-तपकिरी, गळा फिकट मलईच्या रंगाचा. कपाळावरून निघालेली काळी पट्टी डोळ्यांवरून मानेच्या कडेने खाली उतरते आणि छातीच्या वर दोन्ही बाजूंनी येऊन मिळते. जणू गळ्यात काळा गोफ घातला आहे. कुशीवर काळ्या आणि तांबूस रंगाच्या उभ्या पट्ट्या असतात. चोच लाल, पाय लाल आणि डोळ्याभोवतीची कडाही लाल. ही लाली त्याची जन्माची आहे. तिचा विषाशी काही संबंध नाही. नर आणि मादी दिसायला सारखेच. नर थोडा मोठा असतो आणि त्याच्या पायाला बोथट आरी असते, एवढाच काय तो फरक.

एवढे ठळक रंग असूनही खडकांत बसलेला चकोर सहजासहजी दिसत नाही. कुशीवरच्या पट्ट्या दगडांच्या भेगांत आणि वाळल्या गवताच्या सावल्यांत मिसळून जातात. तो कळतो तो आवाजावरून. 'चक्-चक्-चकोर-चकोर' असा चढत जाणारा आवाज तो सकाळी आणि संध्याकाळी काढतो. त्याचे नावही या आवाजावरूनच पडले असावे. पांगलेला थवा या हाकेने पुन्हा एकत्र येतो.

आणि रात्री? रात्री चकोर झोपतो. तो दिवसाचा पक्षी आहे. सूर्य मावळला की थव्यातील पक्षी उतारावरच्या खडकांच्या आडोशाला जमिनीवरच विसावतात. पौर्णिमेचे चांदणे डोंगरावर पसरलेले असते तेव्हा काव्यातला चकोर जागा असतो आणि डोंगरातला चकोर निजलेला असतो.

कोरड्या उंचीवरचे घर

महाराष्ट्रात चकोर आढळत नाही. त्याचा नैसर्गिक प्रदेश आग्नेय युरोपातील बल्गेरिया-ग्रीसच्या पूर्व भागापासून सुरू होतो आणि तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा पूर्वेकडे पसरत मध्य आशिया, मंगोलिया आणि चीनपर्यंत जातो. पाकिस्तानने त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला आहे. भारतात तो जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड येथील पर्वतांत राहतो. हिमालयात त्याचा वावर मुख्यतः २,००० ते ४,००० मीटर उंचीच्या दरम्यान असतो.

उंचीपेक्षाही त्याला महत्त्वाचा वाटतो तो कोरडेपणा. लेह हे शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. आपल्या महाबळेश्वरला हाच आकडा ५,००० मिलिमीटरच्या वर जातो. मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिण उतारावर आपले पाणी ओतून रिकामे होतात आणि पलीकडच्या लडाखला पर्जन्यछायेत राहावे लागते. तेथील डोंगर उघडे, दगडगोट्यांनी भरलेले आणि घसरड्या चुरीचे. नदीकाठी जवाची शेते, पॉपलरची झाडे आणि काटेरी झुडपे. त्याच्या वर नजर जाईल तेथवर खडक. असा मुलूख चकोराला मानवतो. दमट, घनदाट झाडीच्या उतारांना तो टाळतो. सह्याद्रीच्या धो धो पावसात आणि दाट रानात त्याला जागा नाही ती यामुळे.

लेहच्या दक्षिणेस असलेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या पाहण्याच्या ओढीने दूरदूरचे लोक जातात. हिमबिबट्या क्वचितच कोणाला दर्शन देतो. चकोराचा थवा मात्र पाऊलवाटेच्या कडेला, दगडी बांधावर, कापणी झालेल्या शेतात दिसून जातो. त्याच डोंगरांत आणखी वरच्या अंगाला त्याचा एक मोठा नातेवाईक राहतो. त्याला उत्तरेकडे 'रामचकोर' म्हणतात. चकोर खालच्या उतारांचा, तर रामचकोर हिमरेषेजवळचा.

दिनक्रम आणि अन्न

आता त्या प्रश्नाचे सरळ उत्तर. चकोर गवताचे आणि तणांचे बी खातो, कोवळी पाने आणि अंकुर खातो, मातीत चोच खुपसून कंद उकरतो, शेतात सांडलेले धान्य टिपतो. उन्हाळ्यात तो किडेही खातो. पिल्लांच्या आहारात तर किड्यांचे प्रमाण मोठे असते, कारण वाढत्या शरीराला प्रथिने लागतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला त्याचे अन्न एकच असते, आणि ते तो उन्हे असताना मिळवतो.

सकाळी थवा उतारावरून चरत निघतो. भर दुपारी खडकाच्या सावलीत विश्रांती घेतो आणि ऊन कलले की पुन्हा चरू लागतो. हिरवा पाला उपलब्ध असतो तोवर त्यातल्या ओलाव्यावर त्याचे भागते. मात्र कडक उन्हाळ्यात झऱ्यावर किंवा ओढ्यावर उतरणे भाग पडते. उघड्या पाणवठ्यावर शत्रूची भीती सर्वांत जास्त. आकाशात सोनेरी गरुड आणि जमिनीवर कोल्हा, दोघांनाही ही वाट माहीत असते. कोरड्या मुलखातल्या प्रत्येक जिवाला पाण्याची वाट हीच जिवाची वाट असते, हे दुष्काळी तालुक्यांतून आमच्याकडे आलेल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

संकट आले की चकोर आधी उडत नाही; तो धावतो, आणि धावतो तेही चढाच्या दिशेने. उभ्या उतारावर लाल पायांनी दगडांवरून टणाटण उड्या घेत तो क्षणात वर पोहोचतो. अगदीच गाठला गेला तर मात्र पंख फडफडवून खालच्या दरीकडे झेप घेतो. चढताना पाय आणि उतरताना पंख, असा त्याचा हिशेब आहे. डोंगरात चकोराचा पाठलाग करणाऱ्याची दमछाक ठरलेली असते.

हिवाळ्यात दहा-वीस, कधी त्याहून अधिक पक्ष्यांचा थवा एकत्र राहतो. बर्फ पडला की थवे खालच्या, ऊन लागणाऱ्या उतारांवर उतरतात. वसंतात थवा मोडतो आणि जोड्या वेगळ्या होतात. झुडपाखाली किंवा खडकाच्या आडोशाला जमिनीत उथळ खळगा करून, त्यात थोडे गवत आणि पिसे पसरून मादी साधारण सात ते चौदा अंडी घालते. अंडी उबवायला २३ ते २५ दिवस लागतात. पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात ती अंगावर मऊ लव आणि डोळे उघडे घेऊनच. अंग सुकले की ती आईवडिलांच्या मागे चालू लागतात आणि पहिल्या दिवसापासून आपले अन्न आपण टिपतात. त्यांना घरट्यात बसून चारा मिळत नाही.

अर्धे पंख

याच पिल्लांनी विज्ञानातील एका जुन्या कोड्यावर प्रकाश टाकला आहे. पक्षी हे डायनोसॉरांच्या एका शाखेतून विकसित झाले, हे आता सर्वमान्य आहे. अडचण होती ती पंखांची. पूर्ण पंखाने उडता येते हे खरे. परंतु उत्क्रांतीत पंख एका दिवसात पूर्ण होत नाही. मग अर्धा पंख ज्या पूर्वजाला होता, त्याला त्या अर्ध्या पंखाचा उपयोग काय? उपयोग नसेल तर तो टिकला आणि वाढला कसा? झाडावरून खाली तरंगता तरंगता उड्डाण आले, असे काहींचे मत होते. जमिनीवरून धावता धावता आले, असे इतरांचे.

अमेरिकेतील माँटाना विद्यापीठाचे केनेथ डायल यांनी हा प्रश्न चकोराच्या पिल्लांना विचारला. त्यांचे निष्कर्ष जानेवारी २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांना अजून उडता येत नाही अशी पिल्ले तीव्र चढावर धावताना आपले अपुरे पंख जोराने फडफडवतात, असे त्यांना दिसले. त्या फडफडण्याने पिल्लू हवेत उचलले जात नाही. उलट ते चढाच्या पृष्ठभागाकडे दाबले जाते, त्यामुळे पायांची पकड बसते आणि पाय घसरत नाहीत. पिसे जशी वाढतात तसा पिल्लाला अधिक उभा चढ सर करता येतो. ज्या पक्ष्यांची पिसे छाटली होती, त्यांना तेवढा चढ जमला नाही. पूर्ण वाढलेले चकोर तर याच रीतीने भिंतीसारख्या उभ्या पृष्ठभागावरही धावत चढतात. उडता येत असूनही ते अनेकदा चढून जाणेच पसंत करतात.

उड्डाणाच्या उगमाचा वाद यामुळे कायमचा मिटला, असे नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. अर्धा पंख निरुपयोगी नसतो. तो उडवत नसला तरी घसरू देत नाही, आणि लहान जिवाला संकटातून वर पोहोचायला तेवढे पुरते.

आम्ही हा प्रयोग वाचला तेव्हा वसतिगृहात पहिल्यांदा आलेली मुले आठवली. कोणाला अक्षरओळख अर्धी, कोणाला पाढे अर्धे, कोणाची भाषा वर्गातल्या भाषेहून वेगळी. शिक्षक म्हणून आमची नजर उणिवेवर जात असे. त्या अर्ध्या शिदोरीवरच ती मुले चढ चढत होती, हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

पिंजरा आणि हाक

चकोराला माणसाने फार जुन्या काळापासून जवळ केले; मात्र त्या जवळिकीत त्याचे हित क्वचितच होते. अफगाणिस्तानात त्याला 'कौक' म्हणतात. काबूलच्या 'का फरोशी' या जुन्या पक्षीबाजारात वेताच्या घुमटाकार पिंजऱ्यांत चकोर विकायला असतात. काही जण त्यांना आवाजासाठी पाळतात, काही जण त्यांच्या झुंजी लावतात. ज्या हिंदुकुशच्या दऱ्यांत एकेकाळी भिक्खूंचे विहार होते, त्याच दऱ्यांतून हे पक्षी पकडून आणले जातात. अमेरिकेत तर १८९३ मध्ये कराचीहून काही जोड्या मुद्दाम नेण्यात आल्या आणि विसाव्या शतकात शिकारीच्या हौसेखातर मोठ्या संख्येने पक्षी सोडण्यात आले. नेवाडा, युटा, आयडाहो या राज्यांतील कोरड्या डोंगरांत ते चांगले रुजले. गंमत अशी, की युरेशियातूनच तेथे जाऊन पसरलेल्या एका तणगवताचे बी हे त्यांचे तेथील मोठे अन्न झाले. घर बदलले, पण घास ओळखीचा राहिला.

शिकारीची एक जुनी रीत म्हणजे पाळलेल्या पक्ष्याला आमिष म्हणून वापरणे. पिंजऱ्यातला पक्षी हाक देतो, त्या हाकेने रानातले त्याचे भाईबंद जवळ येतात आणि जाळ्यात सापडतात. ही रीत किती जुनी आहे, ते जातककथांवरून कळते. 'तित्तिर जातक' या नावाच्या एका कथेत पारध्याने पकडलेला तित्तिर असाच आमिष होतो. पहिल्यांदा तो गप्प राहतो. पारधी त्याच्या डोक्यावर बांबूने मारतो, तेव्हा वेदनेने त्याच्या तोंडून आवाज निघतो आणि त्याचे सोयरे पकडले जातात. पुढे त्याला एक तपस्वी भेटतो. तित्तिर विचारतो, माझ्या हाकेमुळे माझे बांधव मरतात. हे पाप माझे का? तपस्वी सांगतो, की तुझ्या मनात त्यांच्या घाताची इच्छा नसेल तर त्या कर्माचा लेप तुला लागत नाही. तो तपस्वी म्हणजे बोधिसत्त्व.

कर्म म्हणजे चेतना, ही धम्मातील मूलभूत शिकवण येथे एका पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या तोंडून विचारल्या गेलेल्या प्रश्नातून उलगडते. पण चेतनेचा नियम दुसऱ्या बाजूनेही लागू होतो. पक्षी निर्दोष असेल. पिंजरा विणणारा, जाळे लावणारा आणि ते पाहून गप्प बसणारा यांना तेच उत्तर देता येणार नाही. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार चकोराची शिकार करणे हा गुन्हा आहे. जगभरातली त्याची संख्या सध्या तरी चिंताजनक मानली जात नाही. त्याची संख्या चांगली आहे तोवरच त्याला सांभाळणे सोपे आहे.

तित्तिराचे ज्येष्ठपण

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना परिचित असलेली तित्तिराची कथा निराळी आहे. तिचेही नाव 'तित्तिर जातक'च. ती विनयपिटकातील चुल्लवग्गातही येते. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कथेतला तित्तिर म्हणजे चकोर नव्हे. तो त्याचा सखल भागातला भाऊबंद. आपल्या माळरानावर पहाटे ज्याची हाक घुमते, त्या तितराच्या गोतावळ्यातला.

प्रसंग असा. भगवान श्रावस्तीकडे निघाले असता काही भिक्खूंनी पुढे धावत जाऊन निवासाच्या साऱ्या जागा अडवून ठेवल्या. मागून आलेल्या सारिपुत्तांना जागा मिळाली नाही. त्यांनी एका झाडाखाली रात्र काढली. पहाटे भगवान बाहेर आले आणि खाकरले; झाडाखालून सारिपुत्त खाकरले. सगळा प्रकार कळल्यावर भगवंतांनी संघाला विचारले, श्रेष्ठ आसन, श्रेष्ठ पाणी आणि श्रेष्ठ अन्न कोणाला मिळावे? कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेल्याला. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्याला. कोणी म्हणाले, गृहपतीच्या कुळातल्याला. कोणी विद्वत्तेचे, कोणी ध्यानसिद्धीचे नाव घेतले. भगवंतांनी यांपैकी एकही उत्तर स्वीकारले नाही. त्यांनी गोष्ट सांगितली.

हिमालयाच्या कुशीत एका मोठ्या वटवृक्षाजवळ तित्तिर, वानर आणि हत्ती राहत. त्यांच्यात कोणी कोणाचा मान राखत नसे. हे बरे नव्हे, असे वाटून त्यांनी एकमेकांना विचारले, की हे झाड तुला कधीपासून आठवते? हत्ती म्हणाला, मी लहान होतो तेव्हा हे झुडूप माझ्या पोटाखाली येई. वानर म्हणाले, मी जमिनीवर बसून याच्या शेंड्याची कोवळी पाने खाल्ली आहेत. तित्तिर म्हणाला, त्या पलीकडे एक मोठा वड होता. त्याचे फळ खाऊन मी येथे बी टाकले, त्यातून हा वृक्ष झाला. तेव्हापासून हत्तीने आणि वानराने तित्तिराला वडील मानले. ही कथा पुढे तिबेटी परंपरेत गेली, तेथे तिच्यात ससा आला, आणि हत्ती, वानर, ससा, पक्षी असे एकावर एक उभे असलेले चार मित्र लडाखपासून भूतानपर्यंत गोम्पांच्या भिंतींवर रंगले.

हत्तीचे वजन येथे मोजले गेले नाही. वानराची चपळाई मोजली गेली नाही. कुळाचा तर प्रश्नच आला नाही. संघातील मान उपसंपदेच्या क्रमाने ठरला. शाक्यकुळातील राजपुत्रांनी आपला गर्व गळावा म्हणून उपाली या नाभिकाला आपल्याआधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती केली आणि मग त्याला वंदन केले, हेही त्याच विनयात नोंदले आहे. पहिले पाणी कोणाला, हा चुल्लवग्गातला प्रश्न २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पुन्हा एकदा विचारला गेला. बाबासाहेबांनी ओंजळ भरून त्याचे उत्तर दिले. आपली शाळा त्या उत्तराची लेक आहे.

आम्ही ही कथा वर्षानुवर्षे 'थोरांचा मान राखा' एवढ्या अर्थाने सांगितली. आता तिच्याकडे पाहताना दुसरी बाजू दिसते. तिघांनी आधी प्रश्न विचारला आणि मग मान ठरवला. शिवाय ज्याला वडीलपण मिळाले त्याने बी टाकले होते. ज्या झाडाच्या सावलीत इतर बसले, ते झाड त्याच्यामुळे उगवले. वर्गात वयाने मोठे असल्याच्या बळावर एका प्रश्नावर हसणारा शिक्षक वडील ठरतो काय, हे आम्ही स्वतःला विचारले आहे. उत्तर आमच्या बाजूने येत नाही.

उत्तर

भारतीय संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आहेत. वन्य जिवांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांतले एक, आणि वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद व शोधक बुद्धी वाढवणे हे त्याच्या लगेच पुढचे. ही दोन कर्तव्ये शेजारी शेजारी आहेत, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याच्याकडे आपण नीट पाहिलेच नाही, त्याच्यावर करुणा कशी करणार?

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की मुलांना घेऊन कधी पहाटे गावाबाहेरच्या माळावर जावे. चकोर तेथे भेटणार नाही. तितराची हाक मात्र बहुधा कानी पडेल. तो काय खातो, कोठे दडतो, पाणी कोठे पितो, हे मुलांनाच शोधू द्यावे. मुलांनी विचारले आणि उत्तर ठाऊक नसले, तर "ठाऊक नाही, आपण पाहू" असे म्हणावे. हे वाक्य उच्चारायला आम्हाला फार वर्षे लागली.

आणि त्या विद्यार्थिनीला: बाई, अमावास्येला चकोर गवताचे बी खातो, कोवळी पाने खातो, कधी किडा टिपतो, आणि अंधार पडला की खडकाच्या आडोशाला निजतो. पौर्णिमेलाही तो हेच करतो. तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तराला उशीर झाला, तो आमच्याकडून झाला.

भवतु सब्ब मंगलं.